खुडूक कोंबडी बसवण्यापासून पिल्ले दोन महिन्यांची होईपर्यंत : तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

परसात पाच-सहा गावठी कोंबड्या असतील, तर अंडी मिळवण्यासाठी फारसे काही शिकावे लागत नाही. अडचण येते ती पिल्लांच्या वेळी. बारा अंडी ठेवली, दहा फुटली आणि महिन्याभराने आईच्या मागे दोनच पिल्ले उरली, हा हिशोब गोव्यातील पेडणे, डिचोली, सत्तरी किंवा फोंडा अशा कुठल्याही तालुक्यात ऐकायला मिळतो, आणि दोष बहुधा घारीला किंवा मुंगसाला दिला जातो. घार एक-दोन पिल्ले नेते हे खरे. पण उरलेली ओल, गारठा, रक्ती हगवण आणि मानमोडी (राणीखेत रोग) यांनी जातात, आणि त्यांच्याविरुद्ध जे करायचे असते ते अंडी ठेवण्यापूर्वीच ठरवावे लागते. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, म्हणून घाईने टोपलीत अंडी घालायची आणि बाकीचे पुढे बघू म्हणायचे, ही पहिली आणि सर्वांत महाग पडणारी चूक आहे. म्हणून पुढील टप्पे दिलेल्या क्रमानेच वाचावेत व करावेत.

१. महिना ठरवणे

गोव्यात जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबर संपेपर्यंत जमीन नीट सुकत नाही. या चार महिन्यांत फुटलेली पिल्ले ओल्या जमिनीवर वाढतात, आणि तीन ते सहा आठवड्यांच्या वयात त्यांना रक्ती हगवण लागण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. एप्रिल-मे महिन्यांत अडचण उलटी असते : उकाड्यात अंडी साठवताच येत नाहीत, कोंबडी बसल्या जागी धापा टाकते, आणि जी पिल्ले निघतात ती वाढत्या वयात नेमकी पहिल्या पावसात सापडतात.

म्हणून दसऱ्यानंतर बसवावे आणि शेवटची बसवणी जानेवारीअखेर उरकावी. चतुर्थीनंतर लगेच बसवण्याचा मोह होतो, कारण त्या सुमारास एखादी कोंबडी हमखास खुडूक होते. पण तेव्हा जमीन अजून ओली असते. अशा कोंबडीला अंडी न देता खुडुकातून उठवणे बरे. तिला दोन-तीन दिवस खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात दाणापाण्यासह ठेवले, म्हणजे पोटाची ऊब उतरते आणि ती पुन्हा चरू लागते. तिला पाण्यात बुचकळण्याची जुनी रीत सोडून द्यावी.

२. पिल्लांची जागा आधी, अंडी नंतर

अंडी ठेवल्यापासून पिल्ले फुटेपर्यंत २१ दिवस मिळतात आणि तेवढ्यात खुराडे बांधून होईल असे प्रत्येकाला वाटते. माझ्याकडे एका वर्षी पिल्ले फुटली त्या दिवशी जाळी अजून गुंडाळलेलीच पडली होती. त्या रात्री ती पडवीत डालग्याखाली झाकली आणि सकाळी निम्मी गेलेली होती. डालग्याच्या फटीतून उंदीर आत शिरला होता. तेव्हापासून खुराडे पूर्ण झाल्याशिवाय मी अंडी राखायलाही सुरुवात करीत नाही.

रात्रीचे खुराडे जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच, पायांवर उभे असावे. खाली चिऱ्यांची भिंत घालून जमिनीवरच बांधले, तर चिरा पावसाळ्यात ओल धरतो आणि सांध्यांतून घुशी बिळे काढतात. पाय लाकडी असतील तर ते टिनच्या डब्यात ठेवून त्यात थोडे टाकाऊ तेल घालावे, म्हणजे वाळवी व मुंग्या चढत नाहीत. वर कौले किंवा पत्रा, आणि पावसाच्या बाजूला निदान दोन फूट पुढे आलेले छप्पर हवे.

जाळीच्या बाबतीत बहुतेक जण फसतात. बाजारात षटकोनी छिद्रांची जी स्वस्त जाळी 'कोंबडीची जाळी' म्हणून मिळते, ती कोंबडी आत ठेवण्यापुरती ठीक आहे. शत्रू बाहेर ठेवायला ती निरुपयोगी असते, कारण मुंगूस ती वाकवते आणि लहान साप तिच्यातून सहज जातो. पिल्लांच्या खुराड्याला अर्ध्या इंचाची, वेल्ड केलेली जाळी लावावी. नायलॉनची मासेमारीची जुनी जाळी बाजूंना गुंडाळू नये; साप त्यात अडकतो आणि सकाळी कडी काढणाऱ्याच्या हाताशी येतो. साप दिसला तर मारायला धावू नये, वन खात्याला किंवा गावातील सर्पमित्राला बोलवावे. अजगराने एकदा कोंबडी नेली की तो पुन्हा येण्याची शक्यता असते, म्हणून फट सापडेपर्यंत शोधावी.

तळाशी भाताचे कोरडे तूस दोन-तीन इंच पसरावे. लाकडाचा भुसा चालतो, पण अगदी बारीक धूळ असलेला नको.

*तपासणी :* रात्री खुराड्यात पेटलेली बॅटरी ठेवून दार लावा आणि बाहेर अंधारात उभे राहा. जिथून प्रकाशाची रेघ रुंद दिसते, तिथून उंदीर येतो.

३. कोंबडीची पारख

अंड्यावर दोन तास बसून राहिलेली प्रत्येक कोंबडी खुडूक नसते. रवणाला, म्हणजे अंडी उबवायला, बसलेली कोंबडी रात्रीही खुंटीवर न जाता घरट्यातच राहते, जवळ गेल्यावर पिसे फुलवून चोच मारते, आणि तिच्या छातीखाली हात घातला तर कातडी उघडी व गरम लागते. ही तिन्ही लक्षणे दिसल्यावर तिला नव्या जागी हलवावे आणि खाली दोन टाकाऊ अंडी ठेवून दोन रात्री पाहावे. नवी जागा तिने स्वीकारली तरच खरी अंडी द्यावीत. हलवणे नेहमी रात्री करावे. दिवसा उचललेली कोंबडी जुन्या जागेकडे पळत सुटते.

वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या सुधारित जाती अंडी भरपूर देतात, पण त्यांच्या कोंबड्या क्वचितच नीट बसतात. त्यांची फलित अंडी मिळाली तर ती गावठी कोंबडीखाली ठेवावीत. अंडी आकाराने मोठी असल्यामुळे मात्र संख्या कमी करावी लागते.

बसवण्यापूर्वी पिसांखाली, विशेषतः गुदद्वाराभोवती आणि पंखाखाली, उवा व गोचिड्या पाहाव्यात. २१ दिवस एका जागी बसलेल्या कोंबडीचे रक्त हे किडे इतके शोषतात की ती अर्ध्यावर उठते, आणि मालक म्हणतो की कोंबडी वाईट निघाली. आठवडाभर आधी तिला चुलीची चाळलेली राख व कोरडी माती मिसळून लोळायला द्यावी. घरट्यात कडुनिंबाचा पाला घालावा. तो जवळ नसेल तर निरगुडीचा वापरतात.

४. अंडी निवडणे व राखणे

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक चांगला कोंबडा असल्याशिवाय या टप्प्याला अर्थ नाही. त्यातून मध्यम आकाराची, एका टोकाला निमुळती, गुळगुळीत कवचाची अंडी घ्यावीत. फार मोठी, गोल, पातळ कवचाची किंवा तडा गेलेली अंडी स्वयंपाकघरात जावीत.

अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नसावीत. ती धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक थर गेला की जंतू आत शिरतात; घाण लागली असेल तर कोरड्या कपड्याने हलके पुसावी आणि फार मळलेले अंडे बाजूला काढावे. फ्रीजमध्ये ठेवू नयेत. घरात सर्वांत थंड जागा बहुधा पाण्याच्या मडक्याजवळ असते; तिथे मातीच्या पसरट भांड्यात कोरडी वाळू घालून, निमुळते टोक खाली ठेवून, अंडी उभी रोवावीत आणि दिवसातून एकदा किंचित तिरकी करावीत. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने तारीख घालावी. मार्करची शाई वापरू नये.

*चूक :* बाजारातील पांढरी अंडी घेऊन बसवणे. ती कोंबड्याशिवाय वाढवलेल्या कोंबड्यांची असतात. त्यांतून काही निघत नाही.

५. बसवणे

बारा ते चौदा इंच रुंदीची, चार-सहा इंच खोल टोपली घ्यावी, तळाशी कोरडी माती किंवा वाळू आणि वर भाताचा मऊ पेंढा घालून मध्ये बशीसारखा खोलगटपणा ठेवावा. खोलगटपणा नसेल तर अंडी कडेला घरंगळतात. फार खोल असेल तर एकावर एक चढून फुटतात. गावठी कोंबडीखाली दहा ते बारा अंडी पुरतात. आमच्याकडे विषम संख्या ठेवतात आणि विजेने अंडी बिघडू नयेत म्हणून टोपलीत लोखंडाचा खिळा घालतात. अकरा आणि तेरा यांत निवड करायची असेल तर अकरा ठेवावीत. तेरावे अंडे पंखाबाहेर राहते आणि कोंबडी अंडी आतबाहेर फिरवत असल्याने प्रत्येक अंड्यावर एकेक रात्र गारठ्याची पाळी येते. खिळ्याने नुकसान नाही, तो ठेवावा.

सर्व अंडी एकाच रात्री द्यावीत. रोज एकेक अंडे सारणाऱ्याच्या घरी पिल्ले चार-पाच दिवसांच्या अंतराने फुटतात, आणि पहिली पिल्ले चालू लागली की कोंबडी उरलेली अंडी टाकून त्यांच्यामागे जाते. दोन कोंबड्या खुडूक असतील तर दोघींनाही एकाच रात्री बसवावे; कमी पिल्ले निघाल्यास सगळी एकीच्या ताब्यात देऊन दुसरीला लवकर मोकळे करता येते.

बसवल्याची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावी आणि त्याच वेळी पुढच्या सर्व तारखाही लिहून टाकाव्यात. समजा, १० ऑक्टोबरच्या रात्री बसवले. पिल्ले ३१ ऑक्टोबरला अपेक्षित. पहिली लस ७ नोव्हेंबर, दुसरी १४ नोव्हेंबर, तिसरी २८ नोव्हेंबर, देवीची १२ डिसेंबर आणि शेवटची २६ डिसेंबर (कोणती लस केव्हा, ते नवव्या टप्प्यात आहे). या तारखा आधी लिहिल्या नाहीत, तर दुसऱ्या लसीनंतर कुणालाच आठवत नाहीत.

६. एकवीस दिवस

कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटे उठते. तेवढ्यात तिला भात, मका असे अख्खे धान्य आणि स्वच्छ पाणी मिळावे, म्हणून ते घरट्याबाहेर पण जवळ ठेवावे. त्या वेळी ती मोठी, दुर्गंधी विष्ठा टाकते. तो आजार नव्हे. ती दोन दिवस मुळीच उठली नाही तर सकाळी दोन्ही हातांनी, पंखाखाली अडकलेले अंडे नाही ना हे पाहून, उचलून बाहेर ठेवावी.

दुसऱ्या कोंबड्या याच टोपलीत येऊन अंडी घालतात. पेन्सिलीची खूण नसलेले अंडे रोज काढून घ्यावे.

सातव्या रात्री अंडी पाहावीत. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून, अंधाऱ्या खोलीत मोबाइलची बॅटरी त्याखाली धरून अंडे वर टेकवावे. कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर गर्भ जिवंत आहे. अंडे आरपार स्वच्छ दिसले तर ते वांझ, आणि आत रक्ताचे वर्तुळ दिसले तर गर्भ मेलेला आहे. अशी अंडी काढून टाकावीत, कारण ती सडून फुटली तर सगळी टोपली नासते. चौदाव्या रात्री पुन्हा एकदा पाहावे. आता अंडे गडद आणि वरच्या टोकाला हवेची पोकळी स्पष्ट असावी.

*सावधान :* अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावू नये, उजेडाने पाहू नये आणि त्यांवर पाणी शिंपडू नये.

७. फुटण्याचा दिवस

पहिल्या चोचीपासून पिल्लू बाहेर पडेपर्यंत चोवीस तास लागू शकतात. या वेळात कवच सोलून मदत करणे ही सर्वांत सामान्य आणि सर्वांत भावनिक चूक आहे. आतल्या पापुद्र्यात रक्तवाहिन्या अजून भरलेल्या असतात आणि बलक पोटात पूर्ण ओढला गेलेला नसतो. सोललेले पिल्लू रक्त जाऊन मरते, किंवा उघड्या बेंबीतून जंतू शिरून तिसऱ्या-चौथ्या दिवशी जाते.

पोटातील बलकावर पिल्लू दोन दिवस काढू शकते, म्हणून चारण्याची घाई नको. रिकामी कवचे हलक्या हाताने काढावीत. तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी काढून पुरावीत.

८. पहिले दोन आठवडे

पिल्ले व आई तयार खुराड्यात हलवावीत. पहिल्या दिवसाच्या पाण्यात थोडा गूळ घालण्याची पद्धत चांगली आहे; पुढे साधे, रोज बदललेले पाणी द्यावे. भांडे उथळ असावे आणि त्यात खडे घालावेत, नाहीतर पिल्लू बुडते किंवा भिजून गारठते. खाली वर्तमानपत्राचा कागद अंथरू नये. त्यावर पाय घसरून मांड्या फाकतात आणि पिल्लू कायमचे लंगडे होते. गोणपाट चालतो.

खाण्याच्या बाबतीत स्पष्ट लिहितो : नुसत्या तांदळाच्या कण्यांवर पिल्ले जगतात, वाढत नाहीत. पहिले चार ते सहा आठवडे विकतचे पिल्लांचे खाद्य, ज्याला स्टार्टर म्हणतात आणि ज्यात साधारण २० टक्के प्रथिने असतात, तेच मुख्य ठेवावे. कण्या, नाचणी आणि वारुळातील वाळवी ही वरची भर आहे. मासळीची डोकी देण्याची आपल्याकडे सवय असते. ताजी शिजवलेली डोकी थोडी चालतात, पण खारवलेली सुकी मासळी देऊ नये, कारण जास्त मिठाने पिल्ले तहानेने व्याकूळ होऊन मरतात. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे आणि कुबट वास आला तर फेकून द्यावे. बुरशीचे विष उन्हात वाळवल्याने जात नाही.

आई नसेल तर बल्बची ऊब लागते, पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीशी सुमारे ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लेच खरे सांगतात : ती बल्बखाली चिकटून ओरडत असतील तर गारठली आहेत, कडेला जाऊन चोच उघडी ठेवत असतील तर तापली आहेत.

९. लसी

मानमोडीला, म्हणजे राणीखेत रोगाला, औषध नाही. हिरवट-पांढरी हगवण, घरघर आणि मुरगळलेली मान दिसली की आठवड्यात वाडा रिकामा होतो. यावर लस हाच उपाय आहे, आणि इतर रोगांच्या लसींसह ती देण्याचा सर्वसाधारण क्रम असा : पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा (राणीखेतची सौम्य लस), चौदाव्या दिवशी गंबोरो (त्याच नावाच्या रोगावरची लस), अठ्ठाविसाव्या दिवशी पुन्हा लासोटा, सहाव्या आठवड्यात देवी आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (राणीखेतचीच, वाढलेल्या पिल्लांची लस). तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी यात बदल सुचवला तर त्यांचे ऐकावे.

अडचण अशी की लासोटाची कुपी सहसा शंभर किंवा त्याहून अधिक मात्रांची मिळते आणि आपल्याकडे पिल्ले दहा असतात. म्हणून लोक लसच टाळतात. त्यापेक्षा वाड्यावरील पाच-सहा घरांनी एकाच आठवड्यात कोंबड्या बसवाव्यात आणि एकाच सकाळी लस द्यावी. शेजारची पिल्ले सुरक्षित असतील तर आपलीही असतात.

लस दोन ते आठ अंश तापमानात राहिली पाहिजे. दवाखान्यातून आणताना थर्मासमध्ये बर्फ घालून आणावी, खिशात किंवा स्कूटरच्या डिकीत नव्हे. मिसळल्यानंतर दोन तासांच्या आत वापरावी. लासोटाचा एका डोळ्यात एक थेंब टाकून पिल्लू पापणी मिटेपर्यंत धरून ठेवावे. आजारी दिसणाऱ्या पिल्लांना त्या दिवशी लस देऊ नये, आणि उरलेली लस उकळून टाकावी.

*सावधान :* आर-टू-बी ही जोरदार लस आहे. ती लहान पिल्लांना दिली तर लसीनेच रोग होतो. 'एकदाच मोठी लस देऊन टाकू' असा विचार कधीही करू नये.

१०. तिसरा ते आठवा आठवडा

रक्ती हगवणीची वेळ हीच. पिल्लू पंख गाळून, डोळे मिटून उभे राहते आणि विष्ठेत रक्त दिसते. त्या दिवशीच डॉक्टरांकडून अँप्रोलियमसारखे औषध आणून पाण्यातून द्यावे, आणि मुख्य म्हणजे ओले तूस पूर्ण बदलावे. तूस रोज सकाळी खाली-वर करावे. मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर ते बदलण्याच्या लायक झाले. पाण्याच्या भांड्याभोवतीचे तूस सर्वांत आधी बिघडते, म्हणून भांडे विटेवर ठेवावे. काढलेले तूस माड-पोफळीच्या अळ्यात ताजे टाकू नये. ते मुळे जाळते. दोन-तीन महिने कुजवलेले खत मात्र कुळागराला उत्तम.

तिसऱ्या आठवड्यानंतर उन्हे वर आल्यावर आईसोबत दोन-तीन तास बाहेर सोडावे आणि दव सुकण्यापूर्वी सोडू नये. घारीपासून आडोसा म्हणून परसात दोन-तीन ठिकाणी माडाच्या झावळ्या खुंट्यांवर आडव्या टाकून ठेवाव्यात. आईने इशारा दिला की पिल्ले त्यांखाली शिरतात.

या काळात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून किंवा दुसऱ्या कुठून नवी कोंबडी आणली, तर ती तीन आठवडे वेगळी ठेवावी आणि तिचे दाणापाणी आपल्या कोंबड्यांनंतर करावे. मेलेले पक्षी वहाळात टाकू नयेत. तीन फूट खोल खड्ड्यात चुना घालून पुरावेत.

सहाव्या ते आठव्या आठवड्यात आई पिल्लांना टोचून दूर करू लागते. तेव्हा पिल्ले वेगळी करून आईला इतर कोंबड्यांत सोडावे. काही आठवड्यांत ती पुन्हा अंड्यावर येते. माझ्या अनुभवात अकरा अंड्यांतून नऊ पिल्ले निघाली आणि त्यांतली सात दोन महिन्यांची झाली, तर ती बसवणी चांगली मानावी. वहीत प्रत्येक मेलेल्या पिल्लाचे वय लिहावे. पहिल्या आठवड्यात जास्त गेली असतील तर ऊब आणि उंदीर, तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गेली असतील तर तूस, आणि सगळ्याच वयाची एकदम गेली असतील तर लस पुन्हा तपासावी. पुढच्या खुडूक कोंबडीखाली अंडी ठेवण्यापूर्वी खुराडे धुऊन, भिंतींना चुना लावून, दोन आठवडे उन्हात उघडे ठेवावे.